मावशींचा अ‍ॅट्रिशन रेट काय?

पाळणाघर निवडताना आपण सीसीटीव्ही बघतो, एसी बघतो, आठवड्याचा मेन्यूसुद्धा बघतो. पण दिवसभर आपल्या पिल्लाशी बोलणार कोण आहे, हे कितीजण बघतात?

सकाळचे पावणेनऊ. भूमकर चौक. पुढे बस, मागे बस, डावीकडून घुसू पाहणारा टू-व्हीलरवाला आणि या सगळ्याच्या मधोमध एका छोट्या कारच्या मागच्या सीटवर दीड-दोन वर्षांचं एक पोरगं हातात अर्धं बिस्किट धरून झोपलंय. शेजारी दोन लॅपटॉप बॅगा आणि तिसरी, कार्टूनवाली. हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांना हे चित्र नवीन नाही. गाडी फेज वनकडे सरकेल (धावेल असं म्हणण्यात काही अर्थ नाही!), वाटेत पाच मिनिटं थांबेल, तिसरी बॅग आणि तिचा मालक उतरेल. पुन्हा भेट थेट संध्याकाळी सातला.

आता जरा हिशेब करू. नऊ तासांची शिफ्ट, जाऊन-येऊन दोन तासांचा ट्रॅफिक. म्हणजे मूल अकरा तास पाळणाघरात. दोन वर्षांचं मूल दिवसरात्र मिळून साधारण बारा तास झोपतं, त्यातली दुपारची दोन तासांची झोप पाळणाघरातच होते. म्हणजे जागेपणीच्या बारा तासांपैकी नऊ त्यांचे आणि तीन आपले. त्या तिनांतही आंघोळ, जेवण आणि 'बूट कुठेत?' आलंच. कागदोपत्री पालक आपण असलो, तरी वर्किंग डेला मेजॉरिटी स्टेक पाळणाघराचा आहे, बॉस!

या लेखासाठी मी वाकड, मारुंजी आणि फेज वन ते फेज थ्री अशी बरीच पाळणाघरं हिंडले. कुठे पत्रकार म्हणून, कुठे मैत्रिणीची मैत्रीण म्हणून. टूर सगळीकडे तीच. रिसेप्शनवर जिराफ, आत रंगीत चटया, कोपऱ्यात बॉल पूल. मग एक मोठा स्क्रीन, त्यावर बारा-सोळा चौकोन आणि प्रत्येक चौकोनात वरून दिसणारी डोकी. 'मोबाईलवर लाइव्ह फीड मिळेल, मॅडम.' हातात गुळगुळीत ब्रोशर, त्यावर मेंदूचं चित्र. फोनिक्स, अबॅकस, एक ठिकाणी तर कोडिंग! (वय वर्षे तीन. चमच्याने वरण-भात खाताना निम्मा चटईवर सांडणारं वय.) आणि आपण पालक काय विचारतो? कॅमेरे किती, एसी आहे का, दूध कुठल्या ब्रँडचं, उशीर झाला तर चार्ज किती.

कॅमेऱ्याचा आग्रह समजण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आया मारतेय, आपटतेय, हे फुटेज देशभरच्या चॅनेल्सवर दाखवलं गेलं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना ते विसरता आलेलं नाही. पण त्या प्रकरणातली एक गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो. कॅमेरा तिथेही होता! मूल जखमी होऊन घरी आलं आणि त्यानंतर फुटेज तपासलं गेलं. कॅमेऱ्यामुळे गुन्हा सिद्ध करायला मदत होते, वचकही राहत असेल. पण मारहाण न होणं ही फार खालची पायरी झाली. आपल्याला मूल नुसतं शाबूत परत हवंय की वाढतंय असं हवंय? लाइव्ह फीडला बहुतेक ठिकाणी आवाजच नसतो. म्हणजे तासभर गप्प बसून असलेलं मूल आणि गोष्ट ऐकत रमलेलं मूल स्क्रीनवर सारखंच दिसतं. किंबहुना गप्प बसलेलं जरा जास्तच शहाणं वाटतं.

गिल्ट जरा बाजूला ठेवा

आधी एक चांगली बातमी. विशेषतः ज्यांच्या सासूबाई, आई, शेजारच्या काकू आणि अधूनमधून कॅबचा ड्रायव्हरसुद्धा 'एवढ्याशा बाळाला ठेवता?' असं विचारतात, त्यांच्यासाठी. अमेरिकेच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ अँड ह्यूमन डेव्हलपमेंट' या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये दहा ठिकाणची १,३६४ बाळं निवडली आणि जन्मापासून थेट किशोरवयापर्यंत त्यांचा माग काढला. पाळणाघरात ठेवल्याने बाळाची आईशी असलेली नाळ सैल होते का? उत्तर आलं, नुसत्या पाळणाघरामुळे नाही. मुलाच्या वाढीवर सर्वांत मोठा ठसा घराचाच राहतो. आईबाप त्याच्याशी कसे वागतात, बोलतात, यावर बरंच काही ठरतं. हो, ते उरलेले तीन तास!

दुसरी बातमी तितकी गोड नाही. ज्या मुलांना चांगल्या दर्जाची देखभाल मिळाली, त्यांची भाषा आणि आकलन थोडं सरस निघालं आणि हा फरक पंधराव्या वर्षीही पुसला गेला नव्हता. ज्यांचे पाळणाघरातले तास फार जास्त होते, त्यांच्यात हट्ट, मारामारी, उलट उत्तरं थोडी जास्त दिसली. फरक छोटे आहेत. तुमचं मूल अकरा तास पाळणाघरात असतं म्हणून ते गुंड होणार, असा अर्थ कुणी काढू नये. पण तास जेवढे जास्त, तेवढी दर्जाची चौकशी जास्त हवी, एवढं तरी यातून घ्यायला हरकत नाही.

आणि दर्जा म्हणजे काय? संशोधकांनी मोजलं ते साधंच होतं. मोठं माणूस मुलाच्या डोळ्यांत बघून बोलतं का? ते रडलं तर किती वेळात जवळ घेतं? त्याच्या 'हे काय?'ला उत्तर देतं का? हे व्हायला हवं तर एका मोठ्या माणसामागे मुलं कमी पाहिजेत. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार दीड वर्षापर्यंत तीन बाळांमागे एक, दोन वर्षांपर्यंत चारांमागे एक, तीन वर्षांपर्यंत सातांमागे एक. तिथेही सगळीकडे हे पाळलं जात नाही. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांमागे एक कार्यकर्ती आणि एक मदतनीस असं गणित होतं. मी पाहिलेल्या चकाचक सेंटरांत आकडा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी होता. पण नेमका किती, ते विचारल्यावर 'इट डिपेंड्स' हे उत्तर आलं.

दर्जाकडे न बघता नुसती संख्या वाढवली तर काय होतं, याचा धडा कॅनडातल्या क्यूबेक प्रांताने घेतला. १९९७ मध्ये सरकारने दिवसाला फक्त पाच डॉलरमध्ये पाळणाघर ही योजना आणली. आया भराभर कामावर परतल्या, तो भाग यशस्वी! पण पुढे तीन अर्थतज्ज्ञांनी मुलांची पाहणी केली, तेव्हा आक्रमकपणा आणि चिंता वाढलेली दिसली. बहुतेक केंद्रं 'चालतंय' या पातळीची होती. ना-नफा केंद्रं त्यातल्या त्यात बरी.

सर्व्हिस आणि रिटर्न

बॅडमिंटन खेळता ना? शटल तुम्ही मारलं आणि समोरून परतच आलं नाही, तर किती वेळ खेळाल? बाळाचं तसंच आहे. ते 'बा' म्हणतं, बोट दाखवतं, भुवया उंचावतं. ही त्याची सर्व्हिस. समोरच्याने 'बस? हो, बस आली! लाल बस!' म्हटलं की रिटर्न. हार्वर्डमधले बालविकासाचे अभ्यासक हीच उपमा वापरतात. रिटर्न मिळत गेला की मेंदूतल्या जोडण्या पक्क्या होत जातात. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईने बाळाशी खेळता खेळता चेहरा एकदम निर्विकार करायचा आणि काहीच प्रतिसाद द्यायचा नाही. बाळ आधी हसून बघतं, मग हात पसरतं, मग ओरडतं, शेवटी तोंड फिरवून घेतं. हे सगळं दोन-तीन मिनिटांत! (मोबाईलमध्ये डोकं घातलेला आपला चेहरा बाळाला कसा दिसत असेल, हा विचार करून बघा. मी तो पुढे ढकललाय.)

हिंजवडीजवळच्या एका नावाजलेल्या सेंटरमध्ये मी दुपारी चारला पोचले. टॉडलर रूममध्ये अकरा मुलं आणि एक मावशी. भिंतीवरच्या टीव्हीवर ऱ्हाइम्स. खोली स्वच्छ, मुलं शांत. मावशी बिचारी एकाचं डायपर बदलत होती, तर दुसरा तिच्या पाठीला लोंबत होता. वीस मिनिटांत तिने मुलांना उद्देशून काढलेले शब्द मी मोजले. 'बस', 'नको', 'थांब', 'चल'. तिची चूक काय? अकरा शटल्स एकाच वेळी आल्यावर कोण रिटर्न देणार?

दुसऱ्या दिवशी वाकडला एका बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावरच्या टू-बीएचकेत एक काकू पाळणाघर चालवतात, तिथे गेले. जिराफ नाही, ब्रोशर नाही. पाच मुलं, काकू आणि मटारचा ढीग. मुलं सोलण्यापेक्षा खातच जास्त होती. एक चिमुरडी ओरडली, 'अळी!' काकू म्हणाल्या, 'कुठे? अगं बाई, खरंच की! काय करतेय गं ती?' 'झोपलीये.' 'एवढ्या उन्हाची झोपलीये? रात्री जागली असेल.' मग ती अळी रात्री का जागली, यावर पाच जणांची पाच मतं. मेंदूचं चित्र छापावं असं ब्रोशर असेल तर ते हे! मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. कानावर किती शब्द पडतात यापेक्षा बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा होते, याचा मेंदूच्या भाषेच्या भागाशी जास्त संबंध लागला.

उगाच नॉस्टॅल्जिक व्हायला नको. त्याच काकूंकडे आग विझवायचं सिलिंडर नाही, त्या आजारी पडल्या तर पाळणाघरच बंद, आणि दुपारी दोनला त्यांची सीरियल लागते म्हणजे लागते. सगळ्याच काकू इतक्या गप्पिष्ट असतात असंही नाही. पण पुण्यात वर्षानुवर्षं चाललेलं हे घरगुती पाळणाघर, त्यातली मोजकी मुलं आणि रोज तोच चेहरा, याला 'अनप्रोफेशनल' म्हणून मोडीत काढण्याआधी थोडं थांबायला हवं.

'इंग्लिशमध्ये बोला हं!'

हिंजवडीची एक खास गंमत. आई तेलुगू, बाबा बंगाली, घरात हिंदी-इंग्लिश आणि पोरगं पाळणाघरातून येऊन म्हणतं, 'पानी सांडलं!' मला हे फार गोड वाटतं. पण अनेक पालक सेंटरला बजावतात, मावशींना इंग्लिशमध्येच बोलायला सांगा. मग काय होतं? जिच्याकडे मराठीत अळीच्या झोपेपासून पंढरीच्या वारीपर्यंत हजार गोष्टी आहेत, तिच्याकडे इंग्लिशमध्ये उरतात पाच शब्द. 'कम, सिट, ईट, नो, स्लीप.' म्हणजे फी भरून आपण मुलाचं बोलणं कमी करून घेतो. इंग्लिश काय, पुढे येतंच. ज्या भाषेत मावशी हसते, रागावते, अंगाई म्हणते, त्याच भाषेत तिला बोलू द्या की.

तुम्हीच नोटीस पिरियडवर असता असं नाही

आता मूळ मुद्दा. अ‍ॅट्रिशन हा शब्द आपल्याला नव्याने शिकवायला नको. टीममधला एक सीनियर गेला की प्रोजेक्टचं काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्स्फर, महिनाभर चालतं आणि तरी काहीतरी सुटतंच. मग एका दीड वर्षाच्या मुलाची मावशी निघून जाते, तेव्हा केटी कोण करतं? झोपताना त्याला कान धरायला लागतो, 'तू' म्हणजे चिऊ आणि 'तूतू' म्हणजे कुत्रा, हे कुठल्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं असतं?

अमेरिकेत १९८९ मध्ये पाच महानगरांतल्या २२७ केंद्रांची एक मोठी पाहणी झाली. पाळणाघरातल्या शिक्षिकांपैकी ४१ टक्के वर्षभरात काम सोडून जात होत्या. जिथे ही गळती जास्त, तिथली मुलं भाषेत आणि इतरांशी मिसळण्यात मागे होती. आणि दर्जाशी सगळ्यांत घट्ट नातं कशाचं निघालं? भिंतीच्या रंगाचं नाही, खेळण्यांचं नाही. शिक्षिकेच्या पगाराचं.

आपल्याकडचे पगार मी विचारले. 'आकडे छापू नका' असं सगळीकडे सांगितलं गेलं, म्हणून छापत नाही. सरकारी आकडा मात्र जाहीर आहे. २०१७ च्या त्या राष्ट्रीय योजनेत कार्यकर्तीचं मानधन महिन्याला ३,००० रुपये आणि मदतनिसाचं १,५०० ठरवलं होतं. खासगीत यापेक्षा नक्कीच जास्त मिळतं, पण हजार-दोन हजारांच्या फरकासाठी मावशी हाउसकीपिंगला किंवा कंपनीच्या कॅन्टीनला निघून जाते. तिला दोष कसा देणार? आपण तरी वेगळं काय करतो? फरक एवढाच, की आपल्या रेझ्युमेवर त्याला 'ग्रोथ' म्हणतात.

तेव्हा टूरवर गेलात की कॅमेरे मोजून झाल्यावर हेही विचारा. माझ्या मुलाच्या खोलीतली मावशी इथे किती वर्षं आहे? ती रजेवर असली की कोण बघतं? तिला शिकवलं कुणी? आणि अपॉइंटमेंट न घेता दुपारी चारच्या सुमाराला जा. सकाळी अकराचा शो सगळेच छान करतात. आत सोडत नसतील तर तेच उत्तर समजा.

चार फेऱ्या, त्याही आईच्याच

'हे सगळं ऑफिसातच असतं तर?' असं वाटलं ना? कायद्याला तसंच वाटतं. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पन्नास कर्मचारी, पन्नास बायका नाहीत, हे एचआरला आठवण करून द्यायला हरकत नाही. हीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन यायची मुभा आहे, विश्रांतीची वेळ धरून. आता फेज थ्रीला ऑफिस आणि 'टाय-अप' केलेलं पाळणाघर वाकडला, असं असेल तर या चार फेऱ्या कशा मारायच्या, हे गूगल मॅपलाही सांगता येणार नाही.

आणि कायद्यात या फेऱ्या आईच्याच आहेत. बाबाचा उल्लेखच नाही! केंद्र सरकारी नोकरीतल्या बाबाला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी कंपनीतल्या बाबाची रजा कंपनीच्या मर्जीवर.

२६ आठवडे म्हणजे सहा महिने. साधारण सात-आठ महिन्यांच्या सुमारास बाळ अनोळखी चेहऱ्याला बिचकायला लागतं. म्हणजे रजा संपते, थोडं रुळायला लागतं, तोच हा टप्पा येतो. म्हणून जमलं तर रजेतले शेवटचे दोन-तीन आठवडे राखून ठेवा. पहिल्या दिवशी बाळासोबत अर्धा तास बसा, मग तासभर त्याला एकटं ठेवा, मग दुपारपर्यंत. एकच मावशी ओळखीची होऊ दे, सगळं सेंटर व्हायची गरज नाही. हे काम बाबानेही करायला हरकत नाही. कायदा तसं करायला मनाई करत नाही.

रस्त्याच्या पलीकडे

वर ज्या अभ्यासांबद्दल लिहिलं, त्यांच्या सोबतीने आणखी एक आहे, नॉर्थ कॅरोलिनामधला. १९७२ मध्ये सुरू झालेल्या 'अ‍ॅबेसिडेरियन' प्रकल्पात १११ गरीब मुलांपैकी निम्म्यांना काही महिन्यांच्या वयापासून पाच वर्षं उत्तम दर्जाचं पाळणाघर मिळालं. तिशीला पोचल्यावर त्यांच्यातले २३ टक्के पदवीधर होते, दुसऱ्या गटातले ६ टक्के. चांगल्या पाळणाघराचा खरा दणदणीत फायदा होतो तो ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत, उसंत नाही, अशा मुलांना. म्हणजे हिंजवडीत ज्या मुलांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे, ती आपली मुलं नाहीत. ती आपल्या टॉवरच्या पत्र्याच्या कुंपणाआड, वाळूच्या ढिगावर खेळताहेत.

बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासहून जास्त स्त्रिया कामाला असलेल्या साइटवर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सांगितलं होतं. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच पहिलं 'मोबाइल क्रेश' उभं केलं. पुण्यात 'तारा मोबाइल क्रेशेस' ही संस्था साइट्सवर हे काम करते, बिल्डरला सोबत घेऊन. फ्लॅट बुक करताना आपण क्लबहाऊस, पोडियम गार्डन सगळं विचारतो. 'साइटवर पाळणाघर आहे का?' असं मी एका सेल्स ऑफिसात विचारलं, तर त्याने मला प्लॅनमधली 'किड्स झोन' दाखवली.

महाराष्ट्राला हे सुचलं नव्हतं असंही नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी सुरू केली. पुढे कोसबाडला त्यांच्या लक्षात आलं, की आदिवासी पाड्यावरची मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंडं आहे. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. नाव ठेवलं विकासवाडी.

हे आठवायचं कारण म्हणजे अकरा मुलांच्या खोलीतली ती मावशी. तिला तीन वर्षांची मुलगी आहे. ती कुठे असते, असं विचारलं. म्हणाली, मोठी बघते, सहावीतली. मोठीची शाळा दुपारची असते, तेव्हा शेजारीण बघते. नाहीतर मग टीव्ही.

निघताना त्याच सेंटरच्या मालकीणबाईंना विचारलं, मागच्या दिवाळीला ज्या मावशी इथे होत्या त्यांच्यातल्या आज किती आहेत? त्यांनी बोटांवर मोजलं. सातांपैकी दोन. 'या दोघीच कशा टिकल्या?' त्या म्हणाल्या, 'त्यांची मुलं मी इथेच ठेवून घेते. फी घेत नाही.'